यूकेच्या युनिव्हर्सिटी हॉलमध्ये स्वयंपाकासाठी काय न्यायचं, काय इथंच ठेवायचं? (विटा, जि. सांगली)

विट्याची_लेक

नमस्कार सगळ्यांना. सप्टेंबरमध्ये लीड्सला मास्टर्सला चाललीय. इंजिनिअरिंग सांगलीत झालं, चार वर्षं होस्टेलच्या मेसवर काढली त्यामुळं स्वयंपाक म्हणजे पोहे, वरण-भात, अंडाकरी आणि चपाती जमेल तशी, एवढाच. आमच्या विट्याकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) माणसं देशभर पसरलीयत पण देशाबाहेर शिकायला घरातली मीच पहिली, म्हणून विचारायला जवळ कुणी नाही.

युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये, म्हणजे तिथल्या होस्टेलमध्ये, रूम मिळालीय. सेल्फ-केटर्ड आहे, म्हणजे जेवण त्यांच्याकडं नाही, आपलं आपण करायचं. बाथरूम खोलीला लागून स्वतंत्र, पण किचन सहा जणांत एक. फोटोत काळ्या काचेची शेगडी दिसतीय, फ्रीज, ओव्हन, मायक्रोवेव्ह, पाणी तापवायची किटली. बाकी भांडीकुंडी ज्याची त्यानं आणायची असं लिहिलंय.

आईनं आत्तापासून सोप्यात ढीग लावायला घेतलाय. पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, बीडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा, कढई, पाच किलो कांदा-लसूण मसाला, दोन किलो तूप, कुरडया, सांडगे, आणि साताऱ्याचा मामा कंदी पेढे घेऊन येणार ते वेगळेच. बॅगा २३ किलोच्या दोन. बाबा म्हणतात भांडी उचलून कशाला नेतीस, सगळं तिकडं मिळतं. आई म्हणते पौंड शंभराच्या किती वर गेलाय बघ, तिथं चमचा घेताना पण जीव वरखाली होईल. मला दोघांचं पण पटतंय म्हणून ठरत काहीच नाही.

तर जे खरंच तिकडं राहून आलेत त्यांनी सांगा. कुकर न्यायचा का, मिक्सर चालतो का, तूप-पेढ्यांचं काय, मसाला किती लागतो. आणि त्या काचेवर भाकरी होती का हो? आईला हाच प्रश्न सगळ्यात जास्त पडलाय.

मिरजेचा_दादा

ताई, बॅगेच्या आधी ईमेल कर. हॉलच्या ऑफिसला एका ओळीत विचार की शेगडी सिरॅमिक आहे का इंडक्शन. दोन्ही काळ्या काचेचीच असतात, फोटोवरनं कळत नाही, आणि तुझा निम्मा ढीग या एका उत्तरावर ठरणार आहे.

मी लीड्सलाच होतो, दोन वर्षं झाली परत येऊन. मी विचारलं नव्हतं. इथं एका दुकानातनं नवा कुकर घेतला, दुकानदार म्हणाला कशावरबी चालतो. पोचल्या दिवशी रात्री साडेनऊला डाळ-तांदूळ धुतले, कुकर ठेवला, बटण दाबलं, तर शेगडी दोनदा टूं टूं करून बंद. परत दाबलं, परत बंद. मला वाटलं शेगडीच बिघडलीय आणि आता ही कुणाला सांगायची. शेजारच्या खोलीतला मुलगा पाणी प्यायला आला होता, त्यानं काही न बोलता माझा कुकर उचलला, त्याचं पातेलं ठेवलं, लगेच चालू झाली. त्या रात्री भिजलेले तांदूळ तसेच फ्रीजमध्ये ठेवून मी ब्रेड खाऊन झोपलो, घर सोडून ३० तास झाले होते आणि लई वाईट वाटलं होतं, खरं सांगतो.

इंडक्शनचं असं असतं की काच स्वतः तापत नाही, खालच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रानं भांड्याचं बूडच तापतं, म्हणून बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे. ॲल्युमिनियमला, तांब्या-पितळेला चिकटत नाही, ती भांडी तिथं नुसती ओझं. स्टीलमध्ये पण काहीला चिकटतो काहीला नाही, त्यामुळं डब्यावर इंडक्शन लिहिलंय का बघून थांबू नको, घरच्या फ्रीजवरचा चुंबक खिशात घालून दुकानात जा आणि बुडाला लावून बघ. गच्च बसला तर घ्यायचं, घसरला तर सोडायचं.

सिरॅमिक असेल तर कुठलंही धातूचं भांडं चालतं, फक्त बूड सपाट पाहिजे. आपली गोल बुडाची कढई दोन्हीवर निरुपयोगी, हलती आणि मधल्या एवढ्याशा भागाला तापती. सिरॅमिकची दुसरी गोष्ट म्हणजे बटण बंद केलं तरी काच बराच वेळ गरम राहते. गॅसची सवय असलेली आपली माणसं तीन शिट्ट्या झाल्या की बंद करतात आणि निघून जातात, तिथं त्याच काचेवर कुकर ठेवला तर अजून दोन शिट्ट्या होतात आणि डाळ खाली लागती. बंद करायचा आणि उचलून शेजारी ठेवायचा. लाल दिवा विझेपर्यंत काचेला हात नाही.

कुकर नेच. पाच लिटरचा नको, तीन लिटरचा स्टीलचा, जाड बुडाचा. एकटीला दोन वेळचं त्यात होतं. त्याच्यासोबत दोन रिंगा आणि एक सेफ्टी वॉल्व्ह जास्तीचा, कारण त्या कंपनीची बरोबर मापाची रिंग तिकडं शोधताना नाकीनऊ येतात आणि रिंग गेली की कुकर म्हणजे नुसतं पातेलं. आणि पहिल्यांदा शिट्टी व्हायच्या आधी किचनमध्ये जे असतील त्यांना सांग की आता आवाज होणार आहे. आमच्यातली एक मुलगी हातातला कप टाकून पळाली होती.

मिक्सर ठेव घरी. व्होल्टेज आपलंच आहे, २३० आणि ५० हर्ट्झ, त्यामुळं चालत नाही असं नाही. पण पिना वेगळ्या, तीन चौकोनी, आणि त्यांच्या प्लगच्या आत फ्यूज असतो. प्रवासाचा अडॅप्टर मोबाईल-लॅपटॉपसाठी ठीक, मोटार त्यावर चालवू नये. शिवाय बऱ्याच हॉलमध्ये विजेच्या वस्तू तपासतात आणि तिथल्या सुरक्षेचा शिक्का नसलेली वस्तू वापरू देत नाहीत. चार किलो वजन त्यासाठी कशाला घालवायचं. आलं-लसूण ठेचायला छोटा खलबत्ता घे नाहीतर तिकडं साधा हँड ब्लेंडर.

खोलीत मात्र काही शिजवायचं नाही, इलेक्ट्रिक कुकर असला तरी तो किचनमध्येच. उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती पण नाही, जवळपास सगळ्या हॉलमध्ये बंदी असती. देवापुढं सेलवरची पणती ठेव.

मोती_चौक_सातारा

बाळ, मी साताऱ्याची. माझी लेक तीन वर्षांमागं लेस्टरला गेली, आता नोकरीला आहे तिथं. तुझ्या आईचा ढीग वाचून मला माझाच आठवला म्हणून लिहितेय, आईला पण वाचायला दे.

पेढे आणि तूप बॅगेतून काढा. भारतातून तिकडं जाताना दुधाचे आणि मटणाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, स्वतःला खायला असले तरी. कंदी पेढा म्हणजे खवाच की, आणि तूप पण दुधातच धरतात. सापडलं तर काढून घेतात आणि टाकून देतात, आपल्या हातचं लोणकढं तूप कुणी कचऱ्यात टाकलेलं सोसवेल का. मी लेकीच्या बॅगेतला पेढ्याचा डबा निघायच्या आदल्या रात्री बाहेर काढला आणि तिला तिथंच बसवून दोन पेढे खायला घातले. मामाला म्हणावं तू जायच्या आधी आठ दिवस ये. तूप तिकडं भारतीय दुकानात मिळतं, आणि लोणी तर कुठल्याही सुपरमार्केटात, बिनमिठाचं लोणी आणून मंद आचेवर कढवलं की घरचं तूप झालं, माझी लेक तेच करते.

ओला कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, कसलीही ताजी भाजी-फळं नेऊ नको. तिथं मिळतात.

आता मसाला. पाच किलो कुणाला लागतोय गं! एकटीला वर्षाला दीड किलो रग्गड होतो, मी पहिल्या वर्षी दोन दिला होता आणि त्यातला उरलेला ती सुट्टीला येताना सांगत होती की वास उडाला. पण तो न्यायचाच, तिथं गरम मसाला मिळेल, तिखट मिळेल, आपला डंकावरनं कांडून आणलेला कांदा-लसूण मसाला मिळायचा नाही, आणि तो असला की बाकी काही येत नसलं तरी पोरगी उपाशी राहत नाही. कांदा चिरायचा, तेलात टाकायचा, मसाला, पाणी, मीठ, त्यात अंडी नाहीतर मटार नाहीतर उकडलेलं कडधान्य, झाली आमटी.

पण एक बघा. विमान दुबई किंवा अबुधाबीवरनं जाणार असेल तर मसाल्यात खसखस घालू नका. तिकडच्या कायद्यात खसखशीला बंदी आहे. आपल्याकडं बरीच घरं मसाल्यात घालतात आणि कुणाच्या डोक्यात पण येत नाही की त्यात काही गैर असेल. लेकीचा मसाला मी बिनखसखशीचा वेगळा केला, चवीत काही फार फरक पडला नाही. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या पण बॅगेत चालत नाहीत, त्यात तेल असतं आणि विमानवाले पेट घेणारी वस्तू धरतात. मसाल्यात भाजून कुटलेलं असतं त्याचं काही नाही.

कांदा पूर्ण कुरकुरीत तळलेला पाहिजे, लसूण नीट वाळलेला. जरा जरी ओल राहिली तर बंद पिशवीत बुरशी येते. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या तीन पिशव्या करा, प्रत्येक पिशवी दुसऱ्या पिशवीत, मधे वर्तमानपत्र, आणि वरती इंग्रजीत नाव आणि काय काय घातलंय ते लिहून चिकटवा. उघडून विचारलं तर सांगायला सोपं जातं. आणि कपड्यांच्या बॅगेत घालू नका. माझ्या लेकीच्या स्वेटरला डिसेंबरपर्यंत मसाल्याचा वास येत होता, ती म्हणायची राहू दे बरं वाटतं, पण तरी.

हळद पण घरची पाव किलो दे. तुम्ही तर सांगलीवाले, २०१८ मध्ये तुमच्या हळदीला जीआय मानांकन मिळालंय, तुम्हाला हळद दुकानातनं घ्यायची काय गरज. फक्त तिथले ओटे बहुतेक पांढरे असतात आणि त्यावर डाग पडला की खोली सोडताना साफसफाईचे पैसे कापतात. सांडली की त्याच मिनिटाला पुसायची. कपड्यावरचा डाग उन्हात फिका होतो पण तिथं ऊन शोधायचं कुठं.

जतचा_पैलवान

भाकरीचं मी सांगतो. चार वर्षं मँचेस्टरला काढलीत, आठवड्यातनं चार दिवस भाकरी खाल्लीय आणि ती पण ज्वारीची.

होते. पण गॅसवरच्यासारखी करायला गेलीस तर होणार नाही. आपण शेवटची बाजू आरावर नाहीतर जाळावर शेकतो आणि ती फुगते, तिथं जाळच नाही. सगळं तव्यावरच करायचं.

पीठ तिकडं मिळतं, मँचेस्टरला विल्म्स्लो रोडवर, लीड्सला पण भारतीय दुकानं आहेत, पाकिटावर जुवार म्हणून असतं. पाकिटातलं पीठ कधी दळलेलं असतं देव जाणे, जुन्या पिठाचा चिकटपणा गेलेला असतो, थापताना कडा चिरतात आणि माणूस म्हणतो मला येत नाही. तुझी चूक नसती, पिठाची असती. त्याला उपाय म्हणजे किटलीतलं उकळतं पाणी पिठावर ओतायचं, चमच्यानं हलवायचं, झाकून पाच मिनिटं ठेवायचं, मग हाताला सोसेल तसं चांगलं मळायचं. जितकं मळशील तितकी बरी. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, गोळे करून ठेवायचे नाहीत.

काठवट नेता येत नाही, स्टीलची परात ने, ती पोळपाट, परात, ताट सगळ्याच्या कामाला येते. परातीखाली ओलं फडकं घाल म्हणजे घसरणार नाही आणि आवाज पण कमी होतो, सकाळी सातला भाकरी थापली तर भिंतीपलीकडच्याला जाग येते.

तवा आधी चांगला तापू द्यायचा, नऊपैकी सात-आठवर. भाकरी टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आपल्यासारखंच, पाणी सुकत आलं की उलटायची, खालची बाजू पूर्ण होऊ द्यायची, घाई नाही. मग परत उलटायची आणि जाड सुती फडक्याची घडी करून कडेकडेनं हलकी दाबत फिरवायची. जिथं दाबशील तिथली वाफ पलीकडं सरकते आणि भाकरी मधनं वर येते. पहिल्या दहा-बारा भाकरी फुगणार नाहीत, त्या दुधात नाहीतर आमटीत कुस्करून खायच्या. मला एका रविवारी साडेतीन तास लागले होते नीट एक यायला, आणि ती आली तेव्हा घरी व्हिडिओ कॉल लावून आईला दाखवली, ती काहीच बोलली नाही, पदर डोळ्याला लावला.

बीडाचा तवा सपाट असेल तर नेच, चुंबक चिकटतो आणि इंडक्शनवर मस्त चालतो. पण मधे खोलगट असेल तर नको. आणि काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा, चरा पडला तर भरपाई द्यावी लागती. इंडक्शनवर तवा उचलला की शेगडी बंद पडते हे लक्षात ठेव, गॅससारखं उचलून झटकायचं नाही.

विट्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईनं मोती चौक काकूंचं दोनदा वाचून घेतलं, खसखशीचं आम्हाला खरंच माहीत नव्हतं आणि आमचं विमान दुबईवरनंच आहे. मसाला झालाय तो घरात वापरणार, माझ्यासाठी दीड किलो नवीन करणार. ईमेल पाठवलीय.

अजून एक. पहिल्या दिवशी किचनमधल्या पाच जणांना द्यायला सांगलीचं भडंग न्यायचं ठरवलंय, हलकं असतं, दूध-तूप काही नाही. चांगली कल्पना आहे ना?

कृष्णाकाठ_कराड

ताई थांब, भडंग ने पण देण्याआधी विचार. मी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण माझ्यासमोर घडता घडता राहिलंय.

मी पण असंच केलं होतं. बर्मिंगहॅमला होतो, दुसऱ्या दिवशी किचनच्या टेबलावर भडंगाची पिशवी फोडली, ताटलीत ओतलं, सगळ्यांना या या म्हणलं. एक मुलगी हात पुढं करून थांबली आणि म्हणाली यात नट्स आहेत का. मी म्हणलं शेंगदाणे आहेत ना, भरपूर, लई भारी लागतात. तिनं हात मागं घेतला, खुर्ची मागं सरकवली आणि खोलीत जाऊन पेनासारखं एक इंजेक्शन आणून मला दाखवलं. म्हणाली मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, चुकून खाल्लं तर घसा सुजतो, श्वास घेता येत नाही, तेव्हा हे मांडीत टोचायचं आणि लगेच ९९९ ला फोन करायचा. कसं टोचायचं ते तिनं आम्हा सगळ्यांना शिकवलं. माझे हात गार पडले होते.

आपल्याकडं शेंगदाणा म्हणजे मीठ असल्यासारखा. कूट भाजीत, कूट कोशिंबिरीत, शेंगदाण्याची चटणी, शेंगदाण्याचं तेल. आपल्या लक्षात पण येत नाही कुठं कुठं असतो ते. तिथं ही ॲलर्जी असलेली मुलं बरीच भेटतात आणि ती माणसं अतिशहाणपणा करत नसतात, खरंच जिवावर बेततं. पहिल्या दिवशी सगळ्यांना सरळ विचार, कुणाला कशाची ॲलर्जी आहे का. नसेल तर खुशाल भडंग वाट. असेल तर कूट वेगळ्या घट्ट डब्यात, चमचा वेगळा, ओटा आणि पातेलं साबणानं धुवायचं, दुसऱ्याचं भांडं-स्पंज वापरायचा नाही. मी वर्षभर शेंगदाण्याऐवजी तिळाचं कूट वापरलं, पण त्याच्या आधी तीळ चालतो का तिला विचारलं, कारण काहींना तिळाची पण असते.

आता अलार्म. किचनमध्ये बहुतेक उष्णतेचा सेन्सर असतो आणि पॅसेजमध्ये धुराचा. त्यामुळं धूर झाला की आपण काय करतो, दार उघडतो, आणि तिथंच फसतो, सगळा धूर पॅसेजमध्ये जातो आणि अख्खी बिल्डिंग वाजायला लागते. मग रात्रीचे दोन असोत, बाहेर पाऊस असो, सगळ्यांनी खाली जाऊन उभं राहायचं. आमच्याकडं कुणीतरी मिरच्या परतल्या होत्या, २०० पोरं चपला घालून पार्किंगमध्ये. तर फोडणी करताना एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी, किचनचं दार बंद. ते दार आपोआप मिटतं ते आगीसाठीच असतं, त्याला पाचर मारून उघडं ठेवायचं नाही. आणि सेन्सरला पिशवी बांधायची तर अजिबात नाही, त्याला मोठा दंड आहे आणि तो बरोबरच आहे.

खर्डा तिथं तव्यावर करायच्या भानगडीत पडू नको, मिरच्या जरा जास्त तेलात झाकण ठेवून मंद परत आणि खलबत्त्यात कुट. कुरडया नेऊ नको, तळायला कढईभर तेल तापवावं लागतं आणि बऱ्याच हॉलमध्ये डीप फ्रायला परवानगी नसती. उडदाचे पापड मात्र ने, मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात होतात. सांडगे आमटीत घालायचे असतील तर थोड्या तेलात परतून होतात. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नको, कागदानं पुसून कचऱ्यात.

पेठ_भागातला_बाबा

तुमच्या वडिलांच्या बाजूनं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. माझा मुलगा गेल्या वर्षी गेला, आम्ही कुकर, तवा, परात, मसाले आणि एक मसाल्याचा डबा एवढंच दिलं. बाकी ताट, वाटी, पातेलं, सुरी, चमचे त्यानं तिथं जाऊन घेतले. जाणारी मुलं वर्षाच्या शेवटी भांडी सोडून जातात, भारतीय मुलांच्या ग्रुपवर फुकट नाहीतर नावाला पैसे घेऊन देतात. चॅरिटी शॉप, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तूंची दुकानं, असतात तिथं पण काचेची-चिनी मातीची भांडी स्वस्त मिळतात. तांदूळ, आटा, तूरडाळ तर बिलकुल नेऊ नका, मोठ्या सुपरमार्केटात पण मिळतं. पाच किलो डाळ म्हणजे बॅगेतली पाच किलो जागा, त्यात गरम कपडे येतात.

मोती_चौक_सातारा

दादा, बाकी सगळं बरोबर पण स्टीलचं एक ताट, दोन वाट्या आणि एक पेला घरचा जाऊ द्या तिच्यासोबत. वजन किती ते, आणि ताटात जेवल्यासारखं दुसऱ्या कशात वाटत नाही. माझ्या लेकीनं परत येताना एवढंच परत आणलं.

मिरजेचा_दादा

भाताचं एक राहिलं. आपल्याकडं रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतात, तिथं पण करायचंच, पण भात ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. हीटिंग चालू असलं की किचन उबदार असतं, भातातल्या जंतूंचं विष तयार होतं आणि ते परत गरम केलं तरी जात नाही. त्यांच्या अन्नसुरक्षेवाल्यांचा सल्ला असा आहे की तासाभरात पसरून गार करायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि एका दिवसात संपवायचा. माझ्या रूमपार्टनरला परीक्षेच्या आदल्या दिवशी यानंच उलट्या झाल्या होत्या.

फ्रीजमध्ये वाट्याला एक कप्पा येतो आणि फ्रीझरचा एक ड्रॉवर, काही ठिकाणी तो पण दोघांत. म्हणून चार-पाच चपटे चौकोनी डबे घे, गोल डबे जागा खातात. रविवारी दोन भाज्या आणि चपात्या करून ठेवल्या की गुरुवारपर्यंत बघायला लागत नाही, चपात्यांच्या मधे बटर पेपर घालून गोठवायच्या, सरळ तव्यावर टाकायच्या.

विट्याची_लेक

सगळ्यांना सांगायचं होतं, काल ईमेल आली. इंडक्शन आहे.

आज आई-बाबा आणि मी सांगलीला गणपती पेठेत गेलो, फ्रीजवरचा चुंबक घेऊन. पहिल्या दुकानात तीन कुकरला लावला, एकाला पण धरला नाही, दुकानदार म्हणत होता चालतंय हो ताई, आम्ही तसेच बाहेर. दुसऱ्या दुकानात तीन लिटरच्या एका स्टीलच्या कुकरला असा बसला की आईला ओढून काढायला लागला. घेतला, दोन रिंगा आणि वॉल्व्हसकट. घरचा बीडाचा तवा पट्टी लावून बघितला, सपाट आहे. कुकरच्या आत मसाल्याच्या पिशव्या आणि हळद बसतीय, वरती परात, परातीत ताट-वाट्या फडक्यात गुंडाळून. मिक्सर, कढई, तूप, कुरडया सोप्यातनं आत गेल्या. वजनकाट्यावर सगळं स्वयंपाकाचं मिळून आठ किलो भरलं.

भडंग घेतलंय, पण विचारून मगच पिशवी फोडणार. आणि आईनं आजपासून रोज संध्याकाळची आमटी माझ्याकडं दिलीय. शेजारच्यांची इंडक्शन शेगडी पण आठ दिवस मागून आणलीय, भाकरीसाठी. पहिल्या तीन चिरल्या.

सुरी आणि खलबत्ता चेक-इन बॅगेत टाकले तर चालतं ना?

जतचा_पैलवान

चालतं, केबिन बॅगेत नको. सुरीच्या पात्याला पुठ्ठा गुंडाळून चिकटपट्टी लाव, बॅग तपासणाऱ्याचा हात कापायला नको. लोणच्याची बरणी असेल तर ती पण चेक-इनमध्येच. खलबत्ता दगडी असेल तर राहू दे, लोखंडी छोटा घे.

भाकरीला पाणी अजून गरम घे. आणि चौथीचं काय झालं ते सांग.